तंबोरा ऐकणाऱ्याच्या हातात

सकाळचे सात वाजायला आले की तारनाक्यातल्या आमच्या घरी मी गच्चीखालच्या खोलीत सेट सुरू करतो. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून कोपऱ्यातल्या लोखंडी खांबापर्यंत वीस मीटर तांब्याची तार ताणलेली आहे. मधोमध ती तोडून तिथून केबल खाली उतरवली आहे. हा माझा अँटेना. बटण फिरवत ७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात शिरलं की सुरुवातीला माणसाचा आवाज येतच नाही. कुणी बदकासारखं कॅं-कॅं करत असतं, कुणी विहिरीच्या तळातून घुमत असतं. शब्द एकही कळत नाही, पण बोलण्याची लय माणसाचीच असते. मग मोठं बटण केसभर फिरवायचं. आवाज थोडा खाली उतरतो. आणखी केसभर फिरवायचं, की त्या कलकलाटातून कुणीतरी स्वच्छ मराठीत सांगतं, सोलापुरात आज ढग आहेत आणि तुमचा आवाज फाइव्ह-नाइन, म्हणजे स्वच्छ आणि खणखणीत, येतोय.

या पद्धतीला सिंगल साइडबँड म्हणतात, हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या, तोंडी नुसतं एसएसबी. आवाज पाठवताना त्यातला बराचसा भाग मुद्दाम टाकून द्यायचा आणि तो ऐकणाऱ्याने आपल्या बाजूला पुन्हा भरून घ्यायचा, असा हा सौदा आहे. आमच्या या हैदराबादेत तो उशिरा आणि अडखळत आला. पुढे मात्र याच शहरातून तो असा बाहेर पडला की जगभरच्या हौशी माणसांनी हैदराबादच्या आराखड्यावर आपापले सेट जोडले.

तारनाका या नावात तारही आहे आणि नाकाही. निजामाच्या अमदानीत इथल्या एका बागेला काटेरी तारेचं कुंपण होतं आणि तिथेच नाका होता, त्यावरून हे नाव पडलं, असं इथले जुने लोक सांगतात. आमचं कुटुंब सोलापूरचं. १९६६ च्या ऑक्टोबरात दक्षिण मध्य रेल्वे निघाली, सोलापूर विभाग तिच्यात आला आणि वडिलांची बदली सिकंदराबादला झाली. त्यामुळे मराठी घरात, तेलुगू शेजारात आणि दखनी रस्त्यावर वाढलेल्या माझ्यासारख्याला अर्ध्या ऐकलेल्या बोलण्यातून पुरा अर्थ लावायची सवय लहानपणापासूनच होती.

टाकून दिलेला भाग कुठला, हे आधी सांगायला हवं. आकाशवाणीचं साधं मीडियम वेव्ह केंद्र एक अखंड लहर सोडत असतं, तिला वाहक लहर म्हणतात. निवेदक गप्प बसला तरी ती चालूच असते. बोलण्यामुळे तिच्या उंचीत चढउतार होतात आणि त्यातून तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी तयार होते. समजा वाहक लहर ७०८० किलोहर्ट्‌झवर आहे आणि कुणी मायक्रोफोनपुढे १००० हर्ट्‌झची शीळ घातली. मग हवेत तीन गोष्टी जातात: मधे ७०८०, वर ७०८१ आणि खाली ७०७९. मधल्या लहरीत शिळेचा मागमूस नसतो. वरची आणि खालची पट्टी एकमेकींची आरशातली प्रतिमा, तेव्हा निरोपाला एकच पुरते. पूर्ण ताकदीने बोललं तरी अशा प्रक्षेपकाच्या शक्तीचे दोन तृतीयांश त्या मुक्या वाहक लहरीत जातात आणि प्रत्येक पट्टीला एक षष्ठांश मिळतो. एसएसबीत मधली लहर दाबून टाकतात, एक पट्टी गाळून टाकतात आणि सगळी शक्ती उरलेल्या एका पट्टीला देतात. जागाही निम्म्याहून कमी लागते, सुमारे अडीच ते तीन किलोहर्ट्‌झ.

गायनाच्या बैठकीची आठवण करा. वाहक लहर म्हणजे तंबोरा. सगळ्या स्वरांना जागा त्याच्याकडून मिळते, पण चिजेचे बोल काही तो सांगत नाही. एसएसबीत गाणारा तंबोरा घरी ठेवून येतो. तुमच्या सेटमध्ये एक छोटा दोलक असतो, तो तंबोरा छेडतो आणि त्याचा सा नेमका गाणाऱ्याच्या मनातल्या सा-वर तुम्ही जुळवायचा असतो. शंभर हर्ट्‌झची चूक झाली तर काय होतं पाहा. गाणाऱ्याचा सा २४०, पंचम ३६० आणि तार सा ४८० आहे असं धरा. प्रत्येक स्वरात १०० मिळवले की ३४०, ४६० आणि ५८० होतात. हार्मोनियमवर पट्टी बदलली तर सा आणि प यांचं दोनास तीन हे नातं टिकतं, गाणं फक्त वर किंवा खाली सरकतं. इथे नातंच तुटतं. माणसाच्या कंठातून निघणाऱ्या प्रत्येक स्वरावर त्याच्या पटीतले स्वर चढलेले असतात, आणि ते पटीत राहिले नाहीत की कान त्याला माणूस मानत नाही, बदक मानतो. म्हणून बटण केसभरच फिरवायचं. पन्नास हर्ट्‌झपर्यंतची चूक कान चालवून घेतो, त्यापुढची नाही.

हे गणित मांडणारे जॉन कार्सन अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीत, एटी अँड टीत, होते. १ डिसेंबर १९१५ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, ते मिळायला १९२३ उजाडलं. ७ जानेवारी १९२७ रोजी न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यात रेडिओवरून टेलिफोन सुरू झाला तो याच पद्धतीने. अटलांटिक ओलांडायला लागणारी अवाढव्य शक्ती वाया घालवणं त्या कंपनीलाही परवडणारं नव्हतं. त्याच १९२७ साली आपल्याकडे पुण्याजवळ खडकीला प्रक्षेपण केंद्र आणि दौंडला ग्रहण केंद्र उभारून इंग्लंडशी बिनतारी तारायंत्र जोडलं गेलं आणि १९३३ साली त्याच वाटेने मुंबई-लंडन बोलणं सुरू झालं. बोलायचं एका गावाहून आणि ऐकायचं दुसऱ्या गावी, कारण प्रक्षेपकाच्या गर्जनेशेजारी बसून साता समुद्रापलीकडची कुजबुज ऐकू येत नाही. दौंडचं नाव आपल्याला रेल्वे जंक्शन म्हणून ठाऊक असतं. तिथल्या माळावर बसून माणसं इंग्लंड ऐकत होती, हे मला कळलं तेव्हा फार मोलाचं काही हाती लागल्यासारखं वाटलं.

हौशी माणसांपर्यंत यातलं काही पोचायला वेळ लागला. कोलकात्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी १९२१ मध्ये केंद्र सुरू केलं, ते भारतातले पहिले हॅम. १९२९ पासून भारतीय केंद्रांच्या नावाआधी व्हीयू ही अक्षरं लागू लागली. मग महायुद्ध आलं आणि १९३९ च्या सप्टेंबरात सरकारने नवे परवाने बंद करून होते ते प्रक्षेपक पोलिसांत जमा करायला लावले. तरीही २७ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांचा गुप्त काँग्रेस रेडिओ बोलू लागला. १२ नोव्हेंबरला त्यांना पकडेपर्यंत त्याने जागा बदलत बदलत देश जागवला. तो ४२.३४ मीटरवर बोलायचा. आजच्या हिशेबात ते ७.०८ मेगाहर्ट्‌झ होतात, म्हणजे मी रोज सकाळी जिथे सोलापूरचे ढग ऐकतो तोच पट्टा. बटण फिरवताना तो आकडा समोरून गेला की माझा हात थांबतोच.

ते प्रक्षेपण साधं होतं, वाहक लहरीसकट. तसंच ते असायला हवं होतं. सर्वसामान्यांच्या घरातल्या साध्या सेटवर ऐकू जायचं तर तंबोरा बोलणाऱ्यानेच आणायला लागतो. १९३५ मध्ये निजाम सरकारने ताब्यात घेतलेल्या इथल्या डेक्कन रेडिओचंही तेच होतं. एक महागडं केंद्र आणि हजारो स्वस्त सेट, असा तो हिशेब. एसएसबीचा हिशेब याच्या उलटा आहे. यात खर्चाचा आणि कौशल्याचा मोठा वाटा ऐकणाऱ्याकडे जातो. भारतात ते इतकी वर्षं अडून बसलं त्याचं कारण मला इथेच दिसतं.

१९४६ मध्ये परवाने पुन्हा मिळू लागले. १५ मे १९४८ रोजी महूच्या सिग्नल्स शाळेत हौशी मंडळींचा क्लब स्थापन झाला, तो पुढे दिल्लीला जाऊन अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाला. देशात तेव्हा पन्नासेक परवानाधारक होते. तिकडे अमेरिकेत १९४७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थी-केंद्रावरून एसएसबी हौशी पट्ट्यांवर ऐकू येऊ लागलं होतं आणि दहा वर्षांत तिथल्या हवाई दलाने आपल्या बाँबर विमानांसाठी ते स्वीकारलं. विमानातून अर्ध्या जगापलीकडे बोलायला त्यांना दुसरं काही इतकं उपयोगी पडलं नव्हतं.

आपल्याकडे सामान होतं युद्धातल्या भंगाराचं. लष्कराने लिलावात काढलेले जड रिसीव्हर मुंबईच्या चोरबाजारात मिळत आणि ८०७ नावाचा व्हॉल्व्ह बसवून घरी प्रक्षेपक बांधत. एसएसबी ऐकण्याची एक युक्ती त्या जुन्या रिसीव्हरांवरही होती. मोर्सचा कट्ट-कडकट ऐकायला त्यांत एक वेगळा दोलक दिलेला असे. तो चालू करायचा, आवाजाचं बटण पुरतं वर न्यायचं आणि अँटेनाकडून येणारी ताकद पुरती खाली, म्हणजे आतल्या दोलकापुढे बाहेरचा सिग्नल डोईजड होत नाही. मग हळूहळू बटण फिरवत बसायचं. पाच मिनिटांत तो सेट तापून सरकायचा आणि माणसाचं पुन्हा बदक व्हायचं. परदेशी एसएसबी ऐकून आपली मंडळी उत्तर देत ती मात्र मोर्सने किंवा जुन्या पद्धतीने. एसएसबी पाठवायला दोन्ही पट्ट्यांतली एक नेमकी कापणारा क्रिस्टल फिल्टर लागतो आणि ढळत नाही असा दोलक लागतो. दोन्ही परदेशी आणि दोन्हींवर आयातशुल्क. परवाना खिशात आणि सेट नाही, अशी त्या पिढीतल्या कित्येकांची स्थिती होती.

१९८३ मध्ये एस. सुरी यांनी हैदराबादेत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ स्थापन केली. राजभवन रस्त्यावरच्या या संस्थेत परीक्षेची तयारी करून घेत, मोर्स शिकवत आणि आपत्तीत सेट घेऊन कसं निघायचं याचा सराव करून घेत. १९८४ पासून हॅमच्या उपकरणांना आयातशुल्कात सूट मिळाली. राजीव गांधी स्वतः परवानाधारक हॅम होते, त्यांची संकेताक्षरं व्हीयू टू आरजी. ज्यांचे नातेवाईक आखातात किंवा अमेरिकेत होते त्यांच्याकडे जपानी सेट दिसू लागले, मोटारीच्या डॅशबोर्डखाली मावणारे, बारा व्होल्टवर चालणारे.

मोटारीत एसएसबी ऐकणं हा वेगळाच रियाज आहे. पोलिसांच्या जीपमधला एफएम वायरलेस सिग्नल आला की उघडतो आणि गेला की मुका होतो. एसएसबीत असं करता येत नाही, कारण समोरचा श्वास घ्यायला थांबला की हवेत काहीच नसतं. काटा शून्यावर पडतो, पुढच्या शब्दाला उसळी मारतो. मधल्या जागेत इंजिनाच्या ठिणग्यांची तडतड, विजेच्या तारांची गुरगुर, सगळं तुमच्या कानात. चार-पाच तास ते ऐकत गाडीत बसायचं म्हणजे डोकं सुन्न होतं. त्यात आणखी एक नियम पाळायचा. समोरच्याचा आवाज सरकला तर मोठ्या बटणाला हात लावायचा नाही. त्याने तुमचं बोलणंही सरकतं, मग तो तुमच्यामागे सरकतो, तुम्ही त्याच्यामागे, आणि गप्पा संपेपर्यंत दोघं एकमेकांचा पाठलाग करत पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला पोचतात. त्यासाठी क्लॅरिफायर नावाचं वेगळं बटण असतं. त्याने फक्त तुमचं ऐकणं सरकतं, बोलणं जागेवर राहतं.

एवढा त्रास का सोसायचा, याचं उत्तर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मिळालं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं नुकती झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली आणि दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली. मोबाइल फोन देशात यायला अजून दोन वर्षं होती. किल्लारी, सास्तूर, औसा ही सगळी गावं १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होती. आमच्याकडच्या कितीतरी मराठी घरांचं माहेर तिकडे होतं आणि त्या सकाळी कुणाचाच फोन लागत नव्हता.

तारनाक्याहून उप्पलकडे निघालं की लगेच राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचं आवार लागतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी पुढे किल्लारीत ६१७ मीटर खोल भोक पाडून पाहिलं. ३३८ मीटर काळ्या दगडाखाली जुना पाया लागला. दख्खनचं हे पठार इतकं स्थिर की इथे असा भूकंप व्हायचा नाही, अशी तोवर सगळ्यांची समजूत होती.

भूकंपानंतर हॅम मंडळी सेट घेऊन भूकंपग्रस्त भागात गेली. त्यांच्या कामात एसएसबीची गरज का पडते, हे नकाशावर बोट ठेवलं की कळतं. हैदराबादेहून किल्लारी सरळ रेषेत दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर. हातातला एफएम सेट गावातल्या गावात, फार तर क्षितिजापर्यंत पोचतो, मधे मनोरा असेल तर थोडा पुढे. ७ मेगाहर्ट्‌झची लहर मात्र जमिनीलगत न जाता जवळजवळ सरळ वर सोडता येते. अडीच-तीनशे किलोमीटरवर आयनांबराला, म्हणजे वरच्या विद्युतभारित थराला, आपटून ती खाली येते आणि भोवतालच्या काही शे किलोमीटरांत, डोंगर असो की दरी, सगळीकडे पडते. त्यासाठी अँटेना उंच लागत नाही. दोन बाभळींना माणसाच्या दुप्पट उंचीवर बांधलेली तार पुरते. रात्री मात्र वरचा थर विरळ होतो आणि जवळचं केंद्र निसटून लांबची केंद्रं कानात ओरडू लागतात, म्हणून महत्त्वाचे निरोप दिवसाच उरकायचे. वीज नसते तेव्हा सगळं मोटारीच्या बॅटरीवर. तिथे शक्तीचे दोन तृतीयांश मुक्या लहरीवर उधळणं परवडत नाही. जिवंत आहोत, औषधं पाठवा, तंबू पाठवा, अमुक माणसाच्या घरी कळवा. असे निरोप त्या एका अरुंद पट्टीतून जातात, अक्षर-अक्षर फोड करून, कारण एक नाव चुकलं तर भलत्याच घरात रडारड होते.

अकरा वर्षांनी हेच पुन्हा घडलं, समुद्रात. राजभवन रस्त्यावरच्या त्या हॅम संस्थेच्या पुढाकाराने भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी डिसेंबर २००४ मध्ये अंदमानला गेले होते. तिथून कित्येक वर्षांत कुणी हॅम बोललं नव्हतं आणि जगभरचे हॅम त्या संकेताक्षरांसाठी ताटकळत होते. २६ तारखेच्या पहाटे पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात त्या सेटवर असतानाच जमीन हलली. हौसेसाठी नेलेला तो सेट त्यांनी बाहेर मांडला, आणि अंदमान-निकोबारमधल्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर कळवण्याचं काम दिवसेंदिवस त्यावरून चाललं.

तरी मूळ अडचण जिथल्या तिथेच होती. जपानी सेट शुल्काविनाही महाग. आपत्तीत धावणारे हात हवेत, तर हॅम हजारोंनी हवेत, आणि हजारोंना तो सेट परवडत नाही. याच सुमाराला, २००३-०४ मध्ये, हैदराबादच्या अशर फरहान यांनी एक आराखडा सर्वांसाठी खुला केला. नाव बिट्‌एक्स. १४ मेगाहर्ट्‌झ, सहा वॉट, एसएसबी, बोलणं आणि ऐकणं दोन्ही. फरहान यांचं संकेताक्षर व्हीयू टू ईएसई.

त्या आराखड्याकडे मी आजही एखाद्या बांधीव बंदिशीकडे पाहावं तसा पाहतो. एसएसबीचा रिसीव्हर आणि प्रक्षेपक यांत एकच काम उलटसुलट दिशेने होतं. एकात अँटेनाकडून फिल्टरमार्गे कानाकडे, दुसऱ्यात तोंडाकडून फिल्टरमार्गे अँटेनाकडे. मग दोन वेगळे कशाला बांधायचे? फरहान यांनी दोन्ही बाजूंनी चालणारे प्रवर्धक बसवले, पाठीला पाठ लावलेल्या ट्रान्झिस्टरांचे. ऐकताना एका रांगेला वीज द्यायची, बोलताना दुसऱ्या रांगेला. मधला महागडा भाग, फिल्टर, दोघांना एकच. तोही महागडा राहिला नाही. दुकानात सहज मिळणारे १० मेगाहर्ट्‌झचे क्रिस्टल ओळीने जोडून त्यांनी शिडीसारखा फिल्टर केला. ४ मेगाहर्ट्‌झचा दोलक त्यात मिळवला की १४ होतात. सगळे ट्रान्झिस्टर नेहमीचे, आणि शेवटचा शक्तीचा घटक वीजपुरवठ्याच्या स्विचिंगसाठी बनवलेला आयआरएफ ५१०. यातलं जवळपास सगळं कोठीच्या गुजराती गल्लीत एका दुपारी गोळा होतं. मी तसंच केलं होतं.

एकच गोष्ट मिळत नव्हती, कॉइल गुंडाळायला लागणाऱ्या चुंबकीय कड्या. तिथे त्यांनी जे सुचवलं ते वाचून मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात गेलो. नळाचा वॉशर. नळ गळायला लागला की प्लंबर बदलतो ती प्लॅस्टिकची चकती. तिच्यावर इनॅमलची तार नीट, एकाशेजारी एक वेढे देत गुंडाळायची आणि तिलाच कॉइल म्हणायचं. प्लॅस्टिक तापलं तरी फारसं बदलत नाही, त्यामुळे दोलक कमी सरकतो. माझ्या पहिल्या सेटमध्ये तोच वॉशर आहे. तार गुंडाळताना मोजणी चुकली म्हणून तीनदा उलगडून पुन्हा गुंडाळली, मेणाने चिकटवली. पहिल्यांदा वीज दिली तेव्हा हेडफोनमध्ये फक्त फुसफुस. मग अँटेना जोडला आणि ती फुसफुस भरून आली, जशी कोरडी विहीर पाणी लागल्यावर भरते. त्यात कुठेतरी बदक बोलत होतं. दोलकाचा स्क्रू फिरवला आणि रशियन उच्चाराचा एक माणूस आपलं नाव सांगताना ऐकू आला, आमच्या नळाच्या वॉशरवर.

तो आराखडा देशोदेशी गेला. लोकांनी आपापले पट्टे घेतले, बदल केले, चुका कळवल्या. पुढे फरहान यांनी जुळवलेले बोर्ड विकायला काढले. २०१६ मध्ये ७ मेगाहर्ट्‌झचा बिट्‌एक्स-४० आला, लवकरच त्यात वॉशरच्या जागी अंकी दोलक बसला. २०१७ मध्ये ३ ते ३० मेगाहर्ट्‌झ सगळं ऐकणारा मायक्रोबिट्‌एक्स आला. तोवर चुंबकीय कड्या मिळू लागल्या होत्या, पण त्यांच्यावर तार गुंडाळणारं यंत्र स्वस्तात मिळत नाही. ते काम इथल्या बायकांच्या एका गटाने हातात घेतलं. एका बोटाच्या पेरावर मावेल अशी कडी, तिच्यातून केसाएवढी तार आतबाहेर ओवायची. मोगऱ्याचे गजरे ओवणारा हात या कामाला लागला की वेढा चुकत नाही. अमेरिकेतल्या एखाद्या तळघरात बसून कुणी निवृत्त इंजिनिअर आज मायक्रोबिट्‌एक्सवर बोलतो, तेव्हा त्याचा आवाज हैदराबादच्या त्या बोटांनी दिलेल्या वेढ्यांतून बाहेर पडत असतो.

फरहान आणि सोबत्यांनी २०१० मध्ये बंजारा हिल्समधल्या एका जुन्या घरात लामकान हे सांस्कृतिक केंद्र उघडलं. चहा, नाटक, गाणं, वादविवाद, सगळ्यांना दार उघडं. तिथेच हॅम मंडळींची संमेलनं भरतात. एका कोपऱ्यात कव्वालीची तालीम आणि दुसऱ्यात सोल्डरिंगचा धूर असं दृश्य दुसऱ्या कुठल्या शहरात दिसेल असं मला वाटत नाही.

तारनाक्यात ऐकणं आता पहिल्यासारखं सोपं राहिलेलं नाही. २०१७ च्या नोव्हेंबरापासून मेट्रो आमच्या डोक्यावरून जाते. घराघरात एलईडी दिवे, इन्व्हर्टर, चार्जर. प्रत्येक जण ७ मेगाहर्ट्‌झवर आपली वेगळी गुरगुर सोडतो. सकाळी लवकर, शेजारी उठायच्या आधी, पट्टा सगळ्यात स्वच्छ असतो.

परवा अशाच वेळी एक अगदी बारीक आवाज लागला. चालत्या जीपमधून कुणी बोलत होतं, मागे इंजिनाची चढती-उतरती शीळ. औशाहून निलंग्याकडे निघालोय, सेट घरी बांधलेला आहे, कसा ऐकू येतोय ते सांगा, असं काहीसं. विजेच्या मोठ्या तारांखालून गाडी गेली तसा तो चार-पाच सेकंद पूर्ण बुडाला, मग वर आला, पण वर आला तो बदक होऊन. जीप तापली असणार, दोलक सरकला असणार.

"ओएम, फाइव्ह-सेव्हन येताय," मी हॅम मंडळींच्या नेहमीच्या हाकेने म्हणालो, "पण जरा सरकलात. तुम्ही बटणाला हात लावू नका, बोलत राहा."

आणि क्लॅरिफायर केसभर डावीकडे घेतला.